कपाळावरचं टोक आणि उऱ्होबोपण

गेल्या महिन्यात आम्ही काही जुने सहकारी पुण्यात एकाच्या घरी जमलो होतो. सगळे नायजेरियात शिकवून आलेले. सत्तरच्या दशकात तिथे तेलाचा पैसा आला, शाळा भराभर निघाल्या, विज्ञान-गणित शिकवायला माणसं कमी पडू लागली आणि भारतातून शिक्षक गेले; त्यात आम्ही मराठी मंडळीही होतो. जेवणं झाल्यावर विषय निघाला तो तिथल्या विद्यापीठांत होणाऱ्या पाहण्यांचा. दक्षिण नायजेरियातल्या उऱ्होबो, इसोको, इत्सेकिरी, इजॉ अशा एकेका समाजातली तरुण मुलंमुली घ्यायची आणि कुणाच्या कपाळावर मधोमध केसांचं टोक खाली उतरतं, कुणाची रेषा सरळ जाते, कुणाची कानाची पाळी सुटी आहे, कुणाची चिकटलेली, याची टक्केवारी काढायची. आमच्यातले एक डॉक्टर म्हणाले, चांगलंच आहे की, अशानेच उद्या कोण कुठल्या जमातीचा हे शास्त्राने सांगता येईल. समाजशास्त्र शिकवलेल्या एक बाई उसळल्या. ही नाकाच्या मापावरून जाती लावणाऱ्या इंग्रज रिझलीची पट्टीच पुन्हा बाहेर काढलीय, बंद करा म्हणाल्या. तासभर वाद रंगला. मी जवळजवळ गप्प होते, कारण दोघांनीही एक गोष्ट धरून चालली होती आणि मुळात तीच खोटी आहे.

दोघांनाही वाटत होतं की टोक असणं-नसणं ही एका जनुकाने ठरणारी, पक्की, जन्मजात खूण आहे. एकाला ती खूण हवीहवीशी होती, दुसरीला तिची भीती वाटत होती. माझं म्हणणं वेगळं आहे. केसांची रेषा मोजायला माझी हरकत नाही. उऱ्होबो संशोधकांनी ती जरूर मोजावी. हरकत आहे ती माणसांचे ‘टोकवाले’ आणि ‘बिनटोकाचे’ असे दोनच कप्पे करण्याला, ते कप्पे एका प्रभावी, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी लक्षण दाखवणाऱ्या, जनुकाच्या नावावर चढवण्याला, आणि त्या टक्केवारीतून उऱ्होबो कोण याचं उत्तर मिळेल असं मानण्याला. हे वंशवादी आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी ते चूक आहे.

हे मी अधिकाराने नाही, अनुभवाने सांगते, कारण ही चूक मी स्वतः तीन वर्षं शिकवली. १९८१ ते १९८४ मी उघेली भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. तेव्हा ते बेंडेल राज्य होतं. आजचं डेल्टा राज्य १९९१ मध्ये झालं. पश्चिम आफ्रिकेच्या शालान्त परीक्षेला ‘विविधता’ नावाचा धडा असे. जीभ गुंडाळता येणं, कानाची पाळी, कपाळावरचं टोक, अशी यादी मी फळ्यावर लिहायचे आणि पुढे ठळक अक्षरांत ‘प्रभावी’ किंवा ‘अप्रभावी’. टोक प्रभावी, सरळ रेषा अप्रभावी. मग घरचा अभ्यास: आई, वडील, भावंडं यांचा तक्ता करून आणा. तिसऱ्या बाकावरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा तक्ता घेऊन आला. त्याचे केस बारीक कापलेले, कपाळावर मधोमध स्पष्ट टोक. तक्त्यात आईपुढे ‘नाही’, वडिलांपुढे ‘नाही’. मी म्हणाले, असं होऊच शकत नाही, नीट बघून ये. दुसऱ्या दिवशी तो तोच तक्ता घेऊन आला. वडिलांनी कंदिलाशेजारी बसून, केस ओले करून, मागे दाबून दाखवले होते. टोक नव्हतं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि त्याने वही मिटली.

मी शिकवलेलं शास्त्र खरं असतं, तर त्या तक्त्याचा अर्थ काय होत होता? दोन्ही अप्रभावी पालकांच्या पोटी प्रभावी लक्षणाचं मूल. वर्गातल्या हुशार मुलांना तो अर्थ कळला होता, म्हणून तर कुणी हसलं. एका बाईच्या चारित्र्यावर माझ्या फळ्याने बोट ठेवलं होतं, आणि तेही ज्याला पुराव्याचा आधार नाही अशा विधानाच्या जोरावर.

आधार का नाही, ते जरा सावकाश पाहू. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्याचे प्रयोग छापले, तेव्हा त्याने मुद्दाम अशी लक्षणं निवडली होती ज्यांत मधली पायरी नाही: बी गोल किंवा सुरकुतलेलं, फूल जांभळं किंवा पांढरं. माणसाच्या कपाळावर असं काही आहे का? पन्नास मुलं एका ओळीत उभी करा. दोघा-तिघांचं टोक बाणासारखं दिसेल, दोघा-तिघांची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, आणि उरलेल्यांत थोडंसं टोक, बोथट टोक, एका बाजूला कललेलं टोक, उजेड वरून आला तर दिसणारं टोक असं सगळं सापडेल. टोकाची हद्द कुठे धरायची हे मोजणारा ठरवतो. हद्द दोन मिलिमीटर वर घ्या, टक्केवारी बदलते. दोन संशोधकांनी एकाच गावातली तीच मुलं पाहिली तरी आकडे वेगळे येतील, आणि मग तो फरक ‘दोन समाजांतला फरक’ म्हणून छापला जातो.

टोक बनतं कसं, याबद्दल स्मिथ आणि कोहेन या दोघांनी १९७३ मध्ये एक सुबक कल्पना मांडली होती. गर्भात दोन्ही डोळ्यांभोवती केसांची वाढ रोखणारं एकेक क्षेत्र असतं. ही दोन क्षेत्रं कपाळावर वरपर्यंत एकमेकांवर चढली, तर रेषा सरळ येते. डोळ्यांतलं अंतर जास्त असेल किंवा ही क्षेत्रं लहान असतील, तर मधे एक फट उरते आणि त्या फटीतून केसांचं टोक खाली उतरतं. आता विचार करा: डोळ्यांतलं अंतर, कवटीची ठेवण, केसांच्या मुळांची वाढ, इतक्या गोष्टींवर जे अवलंबून आहे ते एकाच जनुकाच्या हातात कसं असेल? ‘टोक प्रभावी’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत उतरत आलं. त्यामागे कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची भक्कम तपासणी मात्र उभी राहिली नाही.

त्याच यादीतल्या बाकीच्या लक्षणांचं काय झालं, हे पाहिलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. जीभ गुंडाळण्याचं लक्षण आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९४० मध्ये प्रभावी म्हणून मांडलं. हा साधा माणूस नव्हे. गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमाने बसतात याचा पहिला नकाशा त्याने विद्यार्थिदशेत, १९१३ मध्ये काढला होता. १९५२ मध्ये मॅटलॉकने एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यातल्या सात जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येत होती, दुसऱ्याला येत नव्हती. जनुकं तीच, जीभ वेगळी. स्टर्टेव्हंटने १९६५ मध्ये स्वतः लिहिलं की हे लक्षण अजून मेंडेलचं सिद्ध उदाहरण म्हणून छापलं जातं याचा मला संकोच वाटतो. इतक्या मोठ्या माणसाने जाहीरपणे आपला शब्द मागे घेतला, आणि त्यानंतर सोळा वर्षांनी मी उघेलीत तोच शब्द फळ्यावर लिहीत होते! कानाच्या पाळीचंही तेच. २०१७ मध्ये सुमारे ७५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून दिसलं की पाळी सुटी की चिकटलेली, यावर जनुकसंचातल्या ४९ ठिकाणांचा परिणाम होतो. पाळीसाठी ४९, आणि अख्ख्या कपाळासाठी एक?

आता समोरच्यांची बाजू. आमच्या डॉक्टरमित्राचा पहिला मुद्दा होता, ‘अहो, डोळ्यांना दिसतं की! आजोबांचं टोक बापाला, बापाचं नातीला.’ दिसतं, आणि तो मुद्दा मला मान्य आहे. कपाळाची ठेवण घराण्यात उतरते, ती आनुवंशिक आहे यात मला शंका नाही. पण उंचीही घराण्यात उतरते, नाकही उतरतं, म्हणून उंचीचं एक जनुक आहे असं आपण म्हणतो का? अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा एकत्र येऊन लक्षण बनतं, तेव्हा ते घराण्यात दिसतंही आणि मधेच हुलकावणीही देतं. दोघा सरळ रेषेच्या आईबापांना टोकाचं मूल होतं, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. ‘आनुवंशिक’ आणि ‘एका जनुकाचं’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्याच अंतरात त्या मुलाची आई सापडली होती.

या घाईचा इतिहास बरा नाही. अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने डोळ्यांच्या रंगापासून सुरुवात केली आणि घराण्यात दिसणारं सगळंच एकेका जनुकाच्या खात्यावर टाकलं. नौदलातल्या अधिकाऱ्यांची घराणी तपासून १९१९ मध्ये त्याने चक्क समुद्राची ओढ हेही मेंडेलच्या नियमाने उतरणारं लक्षण ठरवलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. त्याच पद्धतीने ‘मंदबुद्धी’ हेही साधं आनुवंशिक लक्षण ठरलं, आणि त्या आधारावर अमेरिकेत साठ हजारांहून जास्त माणसांची सक्तीने नसबंदी झाली. केसांच्या टोकावरून कुणी कुणाची नसबंदी करणार नाही, हे मला कळतं. पण तर्काची वाट तीच आहे: घराण्यात दिसलं, म्हणजे एक जनुक, म्हणजे एक शिक्का.

दुसरी एक गफलत नेहमी भेटते. लक्षण प्रभावी आहे, मग समाजात ते जास्त लोकांत दिसायला हवं. कमी दिसलं तर संशोधक कोड्यात पडतात आणि स्थलांतर, आंतरविवाह असली कारणं शोधू लागतात. हे कोडं १९०८ मध्येच सुटलेलं आहे. पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकाच्या व्याख्यानानंतर यूल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने विचारलं की आखूड बोटांचं लक्षण प्रभावी असेल, तर कालांतराने दर चार इंग्रजांतल्या तिघांची बोटं आखूड व्हायला नकोत का? पनेटने हा प्रश्न आपल्या गणिती मित्राकडे नेला. तो मित्र म्हणजे हार्डी, ज्याने पुढे रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेतलं. हार्डीने अगदी साध्या बीजगणिताने दाखवून दिलं की प्रभावी असण्याचा आणि समाजात वाढत जाण्याचा काही संबंध नाही. सगळे सर्वसाधारणपणे आपसांत लग्नं करत असतील, तर प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. म्हणजे टोक एका प्रभावी जनुकाचं असतं असं घटकाभर मानलं, तरी उऱ्होबोंत ते कमी दिसलं तर कमी का, या प्रश्नात गूढ काही उरत नाही.

आणि मोजायचं ते कपाळ तरी जन्मजात उरलेलं असतं का? उघेलीच्या बाजारात न्हाव्याच्या टपरीवर हाताने रंगवलेला फलक असे: ओळीने डोकी, प्रत्येकावर वेगळी ठेवण, प्रत्येकाला नंबर. मुलगा नंबर सांगायचा आणि न्हावी शेवटी पातं दोन बोटांत धरून कपाळावरची रेषा कोरायचा, कानशिलापासून कानशिलापर्यंत, तासल्यासारखी सरळ. टोक असलं तरी ते तिथेच जमिनीवर पडायचं. मुलींचं वेगळं. शनिवारी दुपारी माझ्या खोलीसमोरच्या ओट्यावर मोठी बहीण धाकटीला गुडघ्यांत धरून बसायची आणि काळ्या दोऱ्याने एकेक बट आवळत जायची. धाकटीच्या भुवया वर ओढल्या जायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. दोन दिवसांनी तिच्या कपाळाच्या कडेला, जिथून केस निघतात तिथेच, बारीक पुळ्यांची रांग दिसायची. वर्षानुवर्षं असं आवळलं की कडेचे केस कायमचे जातात आणि रेषा मागे सरकते. केपटाउनमधल्या एका पाहणीत आफ्रिकी वंशाच्या जवळजवळ एकतृतीयांश प्रौढ स्त्रियांत ही केसगळती आढळली होती. पुरुषांत पंचविशीनंतर कानशिलावरचे केस मागे हटू लागतात आणि मधे नसलेलं टोक दिसू लागतं. मग विशीतला मुलगा, तिशीतला शिक्षक आणि दोऱ्याने केस आवळणारी मुलगी एकाच तक्त्यात एकाच खुणेने नोंदवून आपण नेमकं काय मोजलं, जनुक की न्हाव्याचं पातं?

(जाता जाता एक. इंग्रजीत या टोकाला ‘विधवेचं टोक’ म्हणतात, कारण तसं कपाळ असलेली बाई लवकर विधवा होते अशी तिकडची जुनी समजूत. दक्षिण नायजेरियाच्या अनेक समाजांत नवरा गेल्यावर बाईचं डोकं भादरण्याची रीत होती. आपल्याकडचं केशवपन वाचकांना सांगायला नको. १८९०च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला होता. मुलींच्या वर्गात ते इंग्रजी नाव उच्चारताना माझी जीभ अडखळायची. ‘केसांचं टोक’ म्हटलं तर काही बिघडत नाही.)

पाहण्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र जमातीच्या ओळखीचा नाही. तो असा की आफ्रिकी शरीरांची माहितीच जगाकडे नाही. मोठ्या जनुकीय अभ्यासांत २०१८ पर्यंत भाग घेतलेल्या माणसांपैकी सुमारे ७८ टक्के युरोपीय वंशाची होती आणि आफ्रिकी वंशाची दोन टक्के. वैद्यकीय पुस्तकांतलं ‘नेहमीचं’ कपाळ हे युरोपातलं कपाळ आहे. ठळक टोक हे आर्स्कोगसारख्या काही दुर्मीळ जन्मजात विकारांच्या लक्षणांतलं एक असतं, डोळ्यांतल्या जास्त अंतराबरोबर येणारं. तिथल्या वॉरी शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरपुढे असं बाळ आलं, तर निरोगी उऱ्होबो बाळांत टोक किती वेळा दिसतं हे त्याला माहीत नको का? माहीत हवंच. आणि हे काम महागड्या यंत्रांशिवाय, फूटपट्टी आणि कॅमेऱ्याने होऊ शकतं. जिथे संशोधनाला पैसा नाही तिथल्या विभागाने ते हाती घेतलं, तर पुण्यात बसून नाकं मुरडणं बरं नव्हे. पण याच मुद्द्यामुळे माझी हरकत आणखी पक्की होते. त्या डॉक्टरला ‘टोक: आहे/नाही’ याचा काय उपयोग? त्याला टोकाची लांबी हवी, डोळ्यांतलं अंतर हवं, वय हवं, आईबापांची तीच मापं हवीत. आफ्रिकेची माहिती तोकडी आहे, म्हणून तोकड्या पद्धतीने गोळा केलेली चालेल, असं कसं म्हणायचं?

जमातीच्या ओळखीकडे येऊ. समजा, एका समाजात शंभरातल्या तिसांना टोक आहे आणि शेजारच्यात चाळिसांना. आकडे निव्वळ समजावण्यापुरते घेतले आहेत. आता एक अनोळखी माणूस समोर आला, त्याला टोक आहे. तो कुठला? काहीच सांगता येत नाही. आणि पहिल्या समाजातले सत्तर जण बिनटोकाचे आहेत, ते त्या समाजाचे नाहीत का? १९७२ मध्ये लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब केला, तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आत सापडला होता. कपाळ याला अपवाद असावं असं मानायला जागा नाही.

उऱ्होबोंच्या बाबतीत तर हे फार उघडपणे दिसतं. त्यांची वीसहून जास्त राज्यं. काहींच्या आठवणीत पूर्वज नायजेरियातल्याच जुन्या बेनिन राज्यातून आले, काहींच्या आठवणीत इजॉ मुलखातून, काहींच्या इग्बोंकडून. भाषा एडो कुळातली, इसोकोच्या अगदी जवळची. इंग्रज त्यांना ‘सोबो’ म्हणत, आणि हे नाव त्यांना आपलं वाटत नव्हतं. १९३१ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली, मुकोरो मोवे यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव लोक जोडले आणि १९३८ मध्ये सरकारी कागदावर ‘उऱ्होबो’ हे नाव मिळवलं. म्हणजे हा समाज स्वतःच्या नावासाठी एकत्र आला, बोलला, भांडला. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी मी जेवायला गेले होते, तेव्हा तो आजोबांसमोर गुडघ्यावर टेकला आणि ‘मिग्वो’ म्हणाला. आजोबांनी ‘व्रेन्डो’ म्हणून त्याला उठवलं. आजोबांच्या कपाळावर केसच नव्हते. त्या घराचं उऱ्होबोपण त्या दोन शब्दांत होतं.

आणि त्या मुलखात अशा खुणा शोधणं निरुपद्रवी नाही. १९५२ मध्ये इत्सेकिरींच्या राजाची पदवी ‘इत्सेकिरींचा ओलू’ वरून ‘वॉरीचा ओलू’ झाली, एवढ्या शब्दावरून उऱ्होबोंनी दंगे केले, कारण वॉरी कुणाचं हा प्रश्न त्यात होता. १९९७ मध्ये एका स्थानिक कार्यालयाचं ठिकाण हलवलं आणि वॉरी अनेक वर्षं पेटत राहिलं. जिथे शहर कुणाचं यावर रक्त सांडतं, तिथे ‘अमुक कपाळ आमचं’ हे वाक्य संशोधनाच्या निष्कर्षात लिहिताना हात थबकायला हवा. विशेषतः ते वाक्य खरं नसताना.

म्हणून आमच्या समाजशास्त्राच्या बाईंचा राग मला परका वाटत नाही. १९०९ मध्ये नॉर्थकोट थॉमस सरकारी मानववंशशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण नायजेरियात आला आणि एडो भाषक मुलखात माणसांना समोरून, बाजूने उभं करून फोटो काढू लागला, मापं घेऊ लागला. थोडी वर्षं आधी आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख हर्बर्ट रिझली नाकाच्या मापावरून जातींची उतरंड सिद्ध करू पाहत होता. पण पुढे काय झालं हेही आठवायला हवं. रिझलीचं म्हणणं मोडून काढलं ते मोजमाप नाकारणाऱ्यांनी नाही. मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिझलीचेच आकडे प्रांतवार मांडून दाखवलं की उत्तरेतल्या काही भागाबाहेर हे सूत्र टिकत नाही. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकायला गेल्या. हाच फिशर पूर्वी नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या रेहोबोथच्या मिश्र समाजाची मापं घेऊन आला होता आणि पुढे नाझींच्या वंशशुद्धीचा आधारस्तंभ झाला. त्याच्याच संस्थेत बसून, कवट्या मोजून इरावतीबाईंनी लिहिलं की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही. परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रभर माणसं मोजली आणि एकाच नावाखालच्या पोटजाती एका मुळाच्या असतीलच असं नाही, हे त्याच मापांतून दाखवलं. पट्टी फेकून दिली असती, तर हे कुणी दाखवलं असतं? आबराकाच्या किंवा वॉरीच्या उऱ्होबो तरुणीने आपल्याच माणसांची कपाळं मोजली, तर ती थॉमसची नात होत नाही. ती इरावतीबाईंची वारसदार होऊ शकते, प्रश्न नीट विचारला तर.

राहिला वर्गाचा मुद्दा. मुलांना कुठून तरी सुरुवात करायला हवी, सोपं काहीतरी हवं, असं मला अनेक शिक्षक सांगतात. हवं ना. पण उऱ्होबो मुलाच्या घरात एका जनुकाचं खरं उदाहरण हजर असताना खोटं कशाला? नायजेरियात साधारण चारातल्या एकाच्या रक्तात सिकलसेलचं एक जनुक असतं. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मूल आजारी असेल. तिथे आता लग्न ठरवताना मुलामुलीच्या रक्तात सिकलसेलचं जनुक आहे का ते विचारतात, चर्चसुद्धा तपासणीचा कागद मागतं. गडचिरोली, नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या मुलांनाही हा आजार घरचाच आहे. मेंडेलचं गणित त्या कागदावर जगण्यामरण्याचं आहे आणि तिथे ते बरोबर येतं. त्यावर शिकवताना जपून बोलावं लागतं, कुणाची बहीण त्या आजाराने गेलेली असते; पण जपून बोलायला शिकणं हा त्याच धड्याचा भाग आहे. दोन्हीकडच्या पुस्तकांनी केसांच्या टोकाचं एक पान काढून त्या जागी हे घातलं, तर मुलं जास्त शिकतील.

आणि त्या पाहण्यांत एक रकाना वाढवावा असं मला मनापासून वाटतं: टोक असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांच्या कपाळाचं माप. तो भरला की ‘प्रभावी’ हा शब्द आपोआप डळमळू लागेल, कारण माझ्या तिसऱ्या बाकावरच्या मुलासारखी घरं त्यात पुन्हा पुन्हा येतील. त्याने दुसऱ्यांदा आणलेला तो तक्ता हा माझ्या तीन वर्षांतला सगळ्यात चांगला प्रयोग होता. स्वच्छ निरीक्षण, पुन्हा केलेली खात्री, शिक्षिकेच्या विरोधात गेलेलं उत्तर. मी त्यावर लाल शाईने ‘चूक’ लिहिलं. सत्रपरीक्षेत तोच प्रश्न आला, आणि त्याने मी शिकवलेलं उत्तर लिहिलं: टोक प्रभावी, सरळ रेषा अप्रभावी, दोन अप्रभावी पालकांना टोकाचं मूल होत नाही. मी त्याला पाचपैकी पाच गुण दिले.